झाकलेला मुरघास

काजळीला पुरून जेसीबी परत गेला तेव्हा दुपार कलली होती. खड्ड्यात मीठ आणि चुना टाकून राजवीर हातपाय धुवायला गेला आणि घरातली बाकीची माणसं एकेक करून सोप्यात येऊन बसली. आठवड्याभरात ही तिसरी गाय. पहिली गेली तेव्हा सगळी गल्ली गोळा झाली होती, दुसरीला चार शेजारी आले, आज कुणी फिरकलं नाही. पूर्णिमानं चुलीवर चहा ठेवला, त्यात साखर टाकायची राहिली, आणि पिणाऱ्यांपैकी कुणी तसं बोललंही नाही.

दाराजवळच्या खुर्चीत तिचे सासरे, राजवीरचे वडील आकाराम बसले होते. त्यांच्या शेजारी त्यांचे धाकटे भाऊ हंबीरराव. ते गडहिंग्लजला खताचं दुकान चालवायचे आणि सकाळच्या एसटीनं आले होते. नेहमी घरात पाऊल टाकलं की आधी गोठ्यात जाऊन थोरल्या बहिणीला, आक्काला, हाक मारणारा माणूस, आज थेट भावाशेजारी जाऊन बसला. पूर्णिमाच्या ते लगेच ध्यानात आलं. सासरी आठ वर्षं काढलेल्या बाईला कोण कुणाशेजारी बसलं यावरूनच वारा कळतो.

आणि आक्का उंबऱ्याशी खाली बसली होती. गेली पन्नास वर्षं ती भिंतीकडेच्या बाकावर बसत आलेली. आकारामांची ही थोरली बहीण ऐन विशीत नवऱ्यानं टाकली म्हणून माहेरी आली ती कायमची. राजवीरची आई बाळंतपणातून उठलीच नाही, तेव्हा त्या पोराला आक्कानं बोंडल्यानं दूध पाजून जगवलं. घरात शब्द आकारामांचा आणि गोठ्यात आक्काचा, अशी न बोलता झालेली वाटणी होती. सकाळी गायी सोडायच्या, पन्हाळ्याच्या अंगाला पठारावर न्यायच्या, दिवस मावळायच्या आत माघारी आणायच्या, हे तिचं आयुष्य. सत्तरी ओलांडली तरी त्यात खंड पडला नव्हता. चार दिवसांपूर्वी तो आकारामांनी पाडला.

कारण ज्ञानू. शेजारच्या वस्तीवरच्या या गड्यानं दुसरी गाय गेल्यावर सहज बोलून टाकलं, की आक्काच्या गायी त्याला पठाराखालच्या बांधावर दिसल्या होत्या, आणि त्या बांधावर तर तणनाशक मारलेलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण घरात मरणाचं कारण शोधायला बसलेल्या माणसांना एवढं पुरे होतं. आकारामांनी विचारलं तेव्हा आक्कानं नाकारलंही नाही. त्या दुपारी करवंदीच्या जाळीला टेकून तिचा डोळा लागला होता, जागी झाली तेव्हा गायी खाली उतरलेल्या होत्या. काय खाल्लं, काय नाही, तिला माहीत नव्हतं. म्हातारीनं खरं ते सांगितलं आणि स्वतःच्या हातानं स्वतःला खड्ड्यात घातलं.

त्या दिवसापासून गायी दावणीला. चरणं बंद, पठार बंद. त्यांना खायला होता तो पूर्णिमाचा मुरघास.

मुरघास या घरात आणला तो तिनंच. तिचं माहेर हातकणंगल्याकडचं. तिकडे मका चिकात आला की तो कुट्टी करून खड्ड्यात दाबायचा, वर प्लास्टिक घालून झाकायचा, दीड महिन्यानं उघडायचा, हे घरोघर चालायचं. इथं सासरी माघ लागला की पठारावरचं गवत काडी होऊन जायचं. गायी दिवसभर पाय तुडवून यायच्या, पोट मात्र खपाटीलाच. पूर्णिमानं सुचवलं, दिवसा चरू दे, आणि संध्याकाळी दावणीत एकेक पाटी मुरघास घालू. आक्कानं आधी नाक मुरडलं. आंबलेलं जनावराला कशाला घालायचं, म्हणाली. मग पहिला खड्डा उघडला तेव्हा तिनं मूठभर उचलून हुंगलं, चार दाणे दाताखाली धरले आणि काही न बोलता पाटी उचलली. त्या उन्हाळ्यात दूध आटलं नाही, गायींच्या अंगावर तकाकी आली. आमच्या सुनंनं केलं म्हणून आक्का पाणवठ्यापासून दूध संस्थेपर्यंत सांगत सुटली. आतेसासू आणि सून यांचं गूळपीठ असं मुरघासावर जमलं. दिवसा आक्काचं पठार आणि संध्याकाळी पूर्णिमाची पाटी, दोघींच्या मध्ये गायी सुखात होत्या.

आता सातातल्या तीन गेल्या होत्या. हरणी कालपासून बसली होती. मान टाकलेली, हनुवटी भुईला, जीभ बाहेर आलेली आणि ती आत घ्यायचं बळ नाही. डोळे मात्र जागे होते. माणूस जवळ गेलं की डोळे त्याच्याकडे फिरायचे, ते बघवत नव्हतं. तीन अजून उभ्या होत्या. दूध पहिल्या दिवसापासून ओतून देत होते.

दुपारी, जेसीबी यायच्या आधी, डॉक्टर येऊन गेले होते. पन्हाळ्याकडं जनावरांचा खासगी दवाखाना चालवणारा, फार न बोलणारा माणूस. त्यांनी हरणीची जीभ धरून ओढली, ती त्यांच्या हातात तशीच राहिली. ताप बघितला, नव्हता. मग ते मुरघासाच्या खड्ड्याकडं गेले, तोंडाशी उभं राहून त्यांनी ओंजळभर घेतला, वास घेतला, दाबून बघितला. रंग चांगला, वास चांगला, बुरशी नाही. हात झटकत त्यांनी विचारलं, खड्डा भरताना काही मेलेलं आत गेलं होतं का? घूस, मांजर, साप, काहीही. असं मेलेलं हवाबंद वैरणीत कुजलं तर विष तयार होतं, म्हणाले. ते दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि एवढंसं पोटात गेलं तरी जनावर मागच्या पायांपासून लुळं पडत जातं.

“न्हाय,” राजवीर म्हणाला. “काय सुदीक गेलं न्हाय.”

एवढ्या चटकन तो कधी कशाचं उत्तर देत नसे. डॉक्टर म्हणाले, मग चरण्यातच काही झालं असेल. नमुने पुण्याला पाठवतो, निकाल यायला वेळ लागेल, तोवर जनावरं बाहेर सोडू नका. शंका असेल तर मुरघासही थांबवा. आकाराम म्हणाले, मुरघासाबद्दल आमच्या मनात शंका नाही, तेवढाच तर स्वच्छ आहे. पूर्णिमा खड्ड्याच्या काठावर उभी होती. ती प्लास्टिकवर दाबाला ठेवलेल्या टायरवर बसली.

गेल्या भादव्यातला तो दिवस तिला विसरता येण्यासारखा नव्हता, पण त्याचा आणि गायींचा संबंध तिनं कधी लावलाच नव्हता. मका कापून पडलेला, कुट्टी यंत्र दुसऱ्या गावाला जायचं ठरलेलं, आणि जोतिबाच्या डोंगरावर काळं भरून आलेलं. राजवीर ट्रॅक्टर मागंपुढं करून खड्डा दाबत होता. ती कोपऱ्यात, जिथं चाक पोहोचत नाही तिथं, पायानं तुडवत होती. मक्याच्या ढिगातून नाग निघाला आणि खड्ड्यात उतरला. तिनं हाक मारेपर्यंत चाक त्याच्यावरून गेलं होतं. राजवीर खाली उतरला. फणा अर्धा उघडा होता. त्यानं आधी नागाकडं बघितलं, मग घराकडं. यंत्रावरचा माणूस पाठमोरा होता आणि आक्का घरात गड्यांच्या भाकरी थापत होती.

या घरात नाग हातून मेला की त्या दिवशी विळा, नांगर, यंत्र, सगळं थांबायचं. नागाला तूप लावायचं, तोंडात तांब्याचा पैसा ठेवायचा, आणि शिवारातच अग्नी द्यायचा. काम दुसऱ्या दिवशी. आक्काच्या देखत यातली एक गोष्ट कुणी चुकवली नसती. आणि दुसऱ्या दिवशी पाऊस, यंत्र नाही, भिजलेला मका. राजवीर हळूच म्हणाला होता, आक्काला सांगू नकोस, दिवस मोडेल. पूर्णिमालाही तो दिवस मोडायला नको होता. माहेरी असल्या चालीरीती नव्हत्या, तिला ते जरा अडाणीपणाचंच वाटलं. तिनं पाटी उचलली आणि नागावर कुट्टी ओतली. राजवीरनं त्यावरून ट्रॅक्टर फिरवला. संध्याकाळी प्लास्टिक ओढून, टायर ठेवून दोघं घरी आली आणि आक्काच्या हातची भाकरी पोटभर जेवली.

आता सोप्यात हंबीरराव घसा साफ करून बोलत होते. त्यांचं म्हणणं गोड होतं, म्हणूनच वाईट होतं. आक्कानं फार केलं, आता वय झालं, डोळा लागणारच, त्यात तिचा काय दोष. पण उरलेली जनावरं वाचवायची तर गोठा राजवीर आणि सुनेच्या ताब्यात द्यावा. आक्कानं गडहिंग्लजला यावं, दुकानावरच्या खोलीत राहावं, देवाधर्माचं करावं. आज संध्याकाळच्याच गाडीनं. गावात राहिली तर लोक बोलणार, आणि तिलाच ते सोसायचं नाही.

 आकाराम बहिणीकडं न बघता म्हणाले, “आक्का, तू आता गोठ्यात पाय घालू नगंस. माझं एवढं ऐक.”

“बरं,” आक्का म्हणाली.

भांडेल, बोलेल, निदान रडेल असं पूर्णिमाला वाटलं होतं. त्या बाईनं आयुष्यात कुणाचं इतकं सहज ऐकलं नव्हतं. ती उंबऱ्याला हात टेकून उठली आणि आत आपलं लुगडं घडी करायला गेली. तिच्या मनात तीच दोषी होती. तीन गायी तिनं झोपेत मारल्या होत्या, आणि आता घर सोडायला सांगितलं हे तिला कमीच वाटत असावं. 

पूर्णिमा उठून परसात गेली. राजवीर हौदाशी अजून पायच धूत होता. चुना निघून गेला होता, तरी तो पायावर पाणी ओततच होता.

“अहो, आत काय ठरलंय ऐकलं न्हवं?” तिनं विचारलं.

“ऐकलं.”

“आनि डॉक्टरांस्नी न्हाय म्हणून सांगिटलंसा.”

तो तांब्या खाली ठेवून म्हणाला, “हळू बोल. मी सगळा इचार केलाय. आज संध्याकाळपास्नं मुरघास बंद. खड्ड्याला पाणी लागलं म्हणून सांगायचं. उसाचं वाडं आनतो, वाळली वैरण आनतो. उभ्या हायत त्या जगत्याल.”

“आनि आक्का?”

“हंबीरतात्याकडं सुखात ऱ्हाईल की. काय कमी हाय तितं?”

त्यानं सगळा विचार केला होता हे खरंच. पूर्णिमानंही तिथंच उभ्या उभ्या तो विचार करून पाहिला, आणि त्यात कुठं फट नव्हती. गायी वाचतील. आबरू वाचेल. मुरघास बंद केल्याचं कुणाच्या ध्यानातही येणार नाही, कारण सगळे पठाराकडं बोट दाखवून बसलेत. उलट उरलेल्या तिन्ही गायी जगल्या की गाव म्हणेल, बघा, म्हातारीचं चारणं बंद केलं आणि गायी वाचल्या. आक्काचा दोष त्या गायीच सिद्ध करून दाखवतील, दर दिवशी, दूध देऊन. आणि आक्का गडहिंग्लजला दुकानावरच्या खोलीत बसून ते ऐकेल आणि मान डोलवेल.

“तिनं तुमास्नी वाढवलंय,” पूर्णिमा म्हणाली.

“म्हणूनच,” राजवीर म्हणाला.  “तिला काय तोंड दावू? नागावर ट्रॅक्टर घाटला आनि वर मका वतला म्हणून सांगू? ती मेली तरी माझ्या हातचं पाणी घेनार न्हाय. ती जाऊ दे. वाईट वाटून का हुईना, पर माझ्यावर माया ठिवून जाईल.”

पूर्णिमाला त्याची कीव आली आणि त्याचवेळी त्याचा संतापही आला. नवऱ्याला आईची माया गमवायची नव्हती, आणि ती राखायला तो आईलाच घराबाहेर घालवायला तयार झाला होता. आपण गप्प राहिलो तर आपणही तेच करतोय, हे तिला दिसत होतं. बोललो तर या माणसाबरोबर पुढचं आयुष्य कसं काढायचं, हेही दिसत होतं. ती आत वळली तेव्हा त्यानं तिचा दंड धरला. मग सोडला.

सोप्यात आक्का पिशवी घेऊन आली होती. पन्नास वर्षांचा संसार एका पिशवीत मावला होता. हंबीरराव गाडीची वेळ बघत होते.

“मामा,” पूर्णिमा सासऱ्यांना म्हणाली, “आक्काच्या चारन्यानं गायी मेल्या न्हाईत. मुरघासात नाग हाय. खड्डा भरताना चाकाखाली आलाता. आमी तसाच झाकला.”

 गोठ्यात एक साखळी वाजली. राजवीर तिच्यामागून येऊन दारात उभा राहिला होता. आकारामांनी त्याच्याकडं बघितलं.

“राजा, ही काय म्हणतीया?”

“मला आठवत न्हाय,” राजवीर म्हणाला.

हंबीररावांनी लगेच ते उचललं. घाईगडबडीत सुनेला भास झाला असेल, म्हणाले, आक्कावर जीव आहे तिचा, म्हणून अंगावर घेते आहे. आकारामांनीही मान हलवली. दोघा भावांना तसं असलेलंच बरं वाटत होतं. सुनेचं खरं मानायचं तर आपण थोरल्या बहिणीला काय बोलून बसलो ते गिळायला लागलं असतं. पूर्णिमाला वाटलं, खड्डा उकरू म्हणावं, दाखवू म्हणावं. पण तो कोपरा तिनं गेल्या पंधरवड्यातच कापून, पाट्या भरून, दावणीत घातला होता. दाखवायला काही उरलं नव्हतं.

आक्का मात्र राजवीरकडं बघत होती. लहानपणी लोणी चोरून खाल्लं तरी हा पोरगा असाच भुईकडं बघायचा, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? ती पिशवी खाली न ठेवता तशीच दोन पावलं पुढं आली.

“आठवत न्हाय म्हणतोस, म्हंजे हुता,” ती म्हणाली.

 राजवीर दाराच्या चौकटीला धरून खाली बसला आणि त्यानं डोकं गुडघ्यात घातलं. मग कुणाला काही विचारायची गरज उरली नाही.

आकाराम खुर्चीतून उठले. “आक्का,” म्हणाले. हंबीररावांनी गाडीची वेळ बघायची थांबवली. आक्कानं दोघांकडंही लक्ष दिलं नाही. ती पूर्णिमाकडं वळली.

“वर पयली पाटी कुनी वतली?”

“मी,” पूर्णिमा म्हणाली.

“मला सांगिटलं असतंसा तर मी काय केलं असतं? काम थांबिवलं असतं. दिस मोडला असता, मका भिजला असता. एवढंच की.” तिचा आवाज चढला नव्हता. “हुता त्यो बाहिर काढून आग दिली असती, आनि माज्या गायी जिमिनीवर उभ्या असत्या.”

पूर्णिमा तिच्या पाया पडायला वाकली. आक्कानं पाय मागं घेतला नाही, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. पूर्णिमा रडत म्हणाली, तुम्ही जाऊ नका, गोठा तुमचा आहे, उद्या गायी पठारावर तुम्हीच न्या. आकारामही तेच म्हणू लागले. झालं गेलं, चूक झाली, तू मोठी आहेस. हंबीररावांनी आक्काच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढं केला, यावेळी ठेवून द्यायला.

आक्कानं पिशवी सोडली नाही.

“मघाशी मी गाय मारली म्हणून मला जा म्हणालासा. मी निघालो. मला ते पटलंतं,” ती म्हणाली. “आता न्हाय मारली म्हणून ऱ्हा म्हणताय. या पोरानं मला जाताना बघितलं, पिशवी भरताना बघितलं, आनि पाय धूत बसला. मी कुनासाठी ऱ्हाऊ?”

राजवीर गुडघ्यांतून डोकं वर न काढता हुंदके देत होता. तिनं जाता जाता त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. अगदी सवयीनं, जसा त्याच्या लहानपणी फिरवत असेल तसा. मग तिला आपण काय केलं ते कळलं असावं, कारण तिनं हात चटकन काढून पदराला पुसला.

“चल हंबीर. यष्टी चुकंल,” ती म्हणाली.

गोठा वाटेवरच होता. पूर्णिमाला वाटलं, ती आत जाईल. हरणी तरी बघेल, उभ्या असलेल्यांच्या पाठीवर एकदा हात ठेवेल. पण भावानं गोठ्यात पाय घालू नकोस म्हटलं होतं, आणि ती बरं म्हणाली होती. ती भिंतीकडेनं, खाली बघत, पुढं निघून गेली. आकाराम रस्त्यापर्यंत तिच्या मागं गेले, तिथंच थांबले.

पूर्णिमा गोठ्यात आली तेव्हा उन्हं उतरली होती. हरणीच्या नाकपुड्या अजून हलत होत्या. उभ्या असलेल्या तिघींनी माना वर केल्या आणि तिला बघून हंबरायला लागल्या, दाव्याला ओढ देऊन, दावणीत तोंड घालून पुन्हा वर बघत. मुरघासाची वेळ झाली होती. तिन्हींच्या पोटात आधीच काय गेलंय ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ती रिकाम्या हातानं दारात उभी होती. त्या थांबेचनात. ही चटक त्यांना तिनंच लावली होती.